कोकवर, म्हणजे भाजलेल्या दगडी कोळशावर, लोखंड १७०९ मध्येच निघालं, मग बाकीच्या भट्टीवाल्यांनी लाकडाचा लोणारी कोळसा इतकी वर्षं का सोडला नाही?

गुपित फुटायला उशीर झाला, हे नेहमीचं उत्तर मला पटत नाही. खरं कारण त्या लोखंडातच होतं.

इंग्लंडमध्ये श्रॉपशरच्या कोलब्रुकडेलमधली जुनी झोतभट्टी अब्राहम डार्बीने १७०८ मध्ये भाडेपट्ट्याने घेतली आणि पुढच्याच वर्षी कोकवर चालवली. तिथल्या दगडी कोळशात गंधक कमी, हे त्याचं नशीब. लोखंडात गंधक राहिलं की तापवून ठोकताना ते फुटतं. कोळसा भाजून कोक करताना काही गंधक उडून जातं, उरलेल्यातलं बरंचसं चुनखडी मळीत, म्हणजे भट्टीतल्या वितळलेल्या गाळात, ओढून घेते.

पण कोकच्या भट्टीतल्या बिडात, म्हणजे भट्टीतून निघणाऱ्या कार्बनयुक्त लोखंडात, सिलिकॉन जास्त उतरतं. असं बीड पाण्यासारखं वाहतं, साच्याच्या कोपऱ्याकोपऱ्यात शिरतं आणि गार झाल्यावर पांढरं, ठिसूळ न होता करडं राहतं. डार्बीला नेमकं हेच हवं होतं. वाळूच्या साच्यात बिडाची भांडी ओतण्याचं पेटंट त्याने १७०७ मध्येच घेतलेलं होतं. भांड्याचा पत्रा जितका पातळ, तितकं लोखंड कमी लागतं.

बाकीच्या भट्टीवाल्यांचं बीड मात्र मुख्यतः घडीव लोखंड करणाऱ्यांकडे जाई. तिथे ते पुन्हा वितळवून, भात्याच्या झोतात कार्बन जाळून काढत. सिलिकॉन भरपूर असलं की आधी ते जळतं, कार्बनची पाळी नंतर येते. वेळ वाढतो, लोणारी कोळसा जास्त लागतो आणि मळीबरोबर लोखंडही वाया जातं. असं बीड कोण घेणार? १७५० च्या दशकात दुसऱ्या अब्राहम डार्बीने हॉर्सहेच्या नव्या भट्ट्यांतून घडाईला चालेल असं कोकवरचं बीड काढलं, तेव्हा कुठे चित्र पालटलं. शिवाय कोक वजनाखाली चुरत नाही, त्यामुळे झोताला वाट राहते आणि भट्टी उंच बांधता येते.

कोलब्रुकडेलची ती जुनी भट्टी आजही जागेवर आहे. हा सगळा परिसर १९८६ पासून जागतिक वारसा यादीत आहे. गेलात तर भट्टीच्या तोंडावरच्या बिडाच्या तुळया नीट बघा. वर 'अब्राहम डार्बी १७७७' आहे. हा पहिल्याचा नातू, १७७९ मध्ये सेव्हर्न नदीवर लोखंडी पूल उभारणारा. खालच्या तुळईवर १६३८ वाचलंत तर तो आकडा धरून चालू नका. जुन्या छायाचित्रात तिथे १६५८ आहे.