वाचक विचारतात : गाडी नाही, पण चांगला केक हवा

प्रश्न : शहरात नवीन आहे, गाडी नाही. नकाशावर 'बेकरी' शोधलं की ढिगानं ठिकाणं दिसतात. त्यातली चांगली गोड पदार्थांची दुकानं कशी निवडायची?

'बेकरी' हा शब्द आधी सोडून द्या. त्यात ब्रेड, टोस्ट, बिस्किटं विकणारी सगळीच दुकानं येतात. त्याऐवजी पदार्थाचं नाव टाका : एक्लेअर (क्रीम भरलेली लांबट पेस्ट्री), लेमन टार्ट (लिंबाचं सारण भरलेली खुसखुशीत पारी), क्रोसाँ (लोण्याच्या पापुद्र्यांचा चंद्रकोरी पाव), चीजकेक. नकाशाचं अ‍ॅप ग्राहकांच्या अभिप्रायांतही ते नाव शोधतं, त्यामुळे पाटीवर नुसतं 'कॅफे' लिहिलेली चांगली दुकानंही हाती लागतात.

दुसरी गोष्ट, शोध घरापासून सुरू करू नका. तुमची रोजची बस किंवा मेट्रो ज्या थांब्यांवर थांबते, त्यातला एकेक थांबा नकाशावर मध्यभागी घ्या आणि तिथून 500 मीटरच्या आत काय आहे ते पाहा. एवढं अंतर चालायला सहा-सात मिनिटं लागतात, आणि परतताना हातात खोका असला तरी ते झेपतं. मात्र सरळ रेषेतलं अंतर फसवं असतं. मध्ये रेल्वेमार्ग, नाला किंवा दुभाजक असलेला मोठा रस्ता आला की 300 मीटरचे 1200 होतात. म्हणून 'चालत' हा पर्याय निवडून वेळ बघा. मेट्रो असेल तर स्टेशनचं कोणतं प्रवेशद्वार जवळचं, तेही पाहून ठेवा.

ग्राहकांनी दिलेल्या ताऱ्यांवर (गुणांकनावर) फार विसंबू नका. अभिप्राय 'सर्वांत नवे' या क्रमाने लावा आणि दुकानाने टाकलेले फोटो सोडून ग्राहकांनी काढलेले बघा. त्यातही कापलेल्या तुकड्याचा फोटो शोधा, सजावट तिथे काही लपवू शकत नाही. टार्टचा तळ कडेपर्यंत बदामी भाजलेला हवा. क्रोसाँच्या छेदात मधाच्या पोळ्यासारखी मोकळी जाळी दिसावी. आत घट्ट, कणकेसारखा गोळा असेल तर पीठ नीट फुगलेलं नाही, किंवा लाटताना लोणी वितळून पिठात मिसळलं आहे. सगळे फोटो फाँडंटच्या (साखरेच्या मळलेल्या गोळ्याच्या) बाहुल्या बसवलेल्या वाढदिवसाच्या केकचेच असतील, तर ते सजावटीचं दुकान समजा. त्यात वाईट काही नाही, पण चवीसाठी दोन बस बदलून जाण्याजोगं ते सहसा नसतं.

डिलिव्हरी अ‍ॅपवरची यादीही कामाला येते, मागवायचं नसलं तरी. छोट्या दुकानाच्या यादीत साठ-सत्तर प्रकार असतील, तर त्यातले बरेच तयार मिश्रणाचे किंवा बाहेरून आलेले असण्याची शक्यता मोठी. दहा-पंधरा प्रकारांची यादी अधिक विश्वासाची. निघण्यापूर्वी फोन मात्र करा, कारण अ‍ॅपवरच्या काही ठिकाणी नुसतं स्वयंपाकघर असतं, बसायला किंवा विकत घ्यायला काउंटरच नसतो. फोनवर तीन गोष्टी विचारा : हवा तो पदार्थ किती वाजता तयार होतो, साधारण कधी संपतो आणि सुट्टीचा वार कोणता.

प्रश्न : दुकानात गेल्यावर माल ताजा आहे हे काचेबाहेरून कळतं का?

बरंचसं कळतं. कापलेल्या केकची कड कोरडी पडून रंग गडद झाला असेल, मूसच्या (फेटलेल्या क्रीमच्या हलक्या, फेसाळ पदार्थाच्या) पृष्ठभागावर बारीक तडे असतील किंवा जेलीच्या थरातून पाणी सुटलं असेल, तर तो तुकडा कालचा किंवा परवाचा. चॉकलेटवर पांढुरकी झाक असेल तर बहुधा ते तापून पुन्हा थंड झालं आहे. खायला हरकत नाही, पण मालाची निगा कशी राखतात ते समजतं. क्रीमचे पदार्थ ठेवलेल्या कपाटाचं तापमान 5 अंशांच्या आसपास किंवा त्याखाली असायला हवं. बहुतेक कपाटांवर आकडा दिसतो, तो वाचा.

एक प्रश्न जरूर विचारा : "क्रीम दुधाचं की वनस्पती तेलाचं?" तेलाचं क्रीम तासन्‌तास ताठ उभं राहतं, पण खाल्ल्यावर टाळूला तुपकट थर राहतो. दुधाचं क्रीम जिभेवर विरघळतं आणि म्हणूनच प्रवासात लवकर ढासळतं. उत्तर देताना विक्रेता गोंधळला तर आधी एकच तुकडा घेऊन तिथेच खाऊन बघा.

प्रश्न : बसने घरी आणेपर्यंत केक एका बाजूला सरकतो आणि क्रीम झाकणाला लागतं. उपाय?

खोका मोठा असतो, हे पहिलं कारण. केकच्या चहूबाजूंनी बोटभरच जागा राहील असा खोका मागा. मोठाच मिळाला तर मोकळ्या जागेत बटर पेपरच्या सुरळ्या घट्ट बसवा. केकखालचा पुठ्ठा खोक्याच्या तळाला दोन बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने चिकटवून द्यायला सांगा. सुट्या तुकड्यांची क्रीमची बाजू एकमेकांकडे येऊ देऊ नका.

पातळ कॅरीबॅग टाळा. हातात धरली की तिचे पट्टे खोक्याचे कोपरे आत दाबतात आणि झाकण खाली येतं. सपाट, रुंद तळाची कापडी पिशवी घरूनच न्या आणि तळाशी रबरी जाळीचा तुकडा अंथरा.

बसमध्ये मागच्या चाकांच्या मागे बसू नका, सर्वांत जास्त हादरे तिथेच बसतात. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधली जागा बरी. मांडीवर खोका उतरता राहतो. दोन पायांच्या मध्ये जमिनीवर ठेवला तर सपाट राहतो. फक्त इंजिन मागे असलेल्या बसमध्ये मागची जमीन गरम असू शकते, तेव्हा हात लावून पाहा.

थंडाव्यासाठी बर्फाची पिशवी खोक्याच्या वर ठेवा, कारण गार हवा खाली उतरते. ती कोरड्या टॉवेलमध्ये गुंडाळा आणि तिचा भार झाकणावर येणार नाही, असं बघा. टॉवेल नसेल तर बाहेर जमलेलं पाणी पुठ्ठ्यात मुरतं आणि झाकण खचतं. क्रीम, कस्टर्ड, चीजकेक हे फ्रिजबाहेर एकूण दोन तासांपेक्षा जास्त राहू नयेत. हवा 32 अंशांच्या वर असेल तर एकच तास धरा, आणि त्यात बसची वाट पाहण्याचा वेळही मोजा.

लांबचा प्रवास असेल तर पदार्थच बदला. ब्राउनी, लोफ केक, कुकीज, भाजलेला चीजकेक, गनाशचा (चॉकलेट आणि क्रीमच्या दाट मिश्रणाचा) टार्ट हे निमूटपणे येतात. यातला चीजकेक मात्र गारच आणायचा. बटरक्रीमचा केक थेट फ्रिजमधून काढून घेतला तर घट्ट असतो, चांगला टिकतो. आरशासारखी चकाकी असलेला मूस केक बहुतेक ठिकाणी गोठवूनच चकाकी ओततात, म्हणून "गोठलेला देता का?" असं विचारा. घरी आणून फ्रिजमध्येच वितळू द्या. छोट्या तुकड्याला तीनेक तास, पूर्ण केकला बहुधा रात्रभर. एक्लेअरचं कवच आणि सारण वेगळं मागा. भरून ठेवलं की सारणातला ओलावा काही तासांतच कवचात शिरतो.

प्रश्न : सुट्टीच्या एका दिवशी किती दुकानं करावीत?

तीन पुरे. चौथ्या दुकानापर्यंत जिभेला गोडीशिवाय काही कळत नाही. लांबचं दुकान आधी, घराजवळचं शेवटी, आणि घरी न्यायचं ते शेवटच्याच दुकानातून. क्रोसाँ असेल तर ते दुकान सकाळी पहिलं. दोघंजण असाल तर एकच तुकडा वाटून घ्या, सोबत साधं पाणी.

प्रश्न : उरलेला क्रोसाँ फ्रिजमध्ये ठेवला, दुसऱ्या दिवशी चामट लागला. काय चुकलं?

फ्रिज. पिठातला स्टार्च फ्रिजच्या तापमानाला सर्वांत वेगाने घट्ट होतो. त्याच दिवशी खायचा असेल तर कागदी पिशवीत बाहेर ठेवा, नाहीतर हवाबंद पिशवीत घालून सरळ फ्रीझरमध्ये. फ्रीझरमधून काढलेला क्रोसाँ 160 अंशांवर आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये आठ ते दहा मिनिटं, बाहेर ठेवलेला चार-पाच मिनिटं. मायक्रोवेव्ह नको : आधी मऊ होतो आणि गार होताच आणखी चामट. आत क्रीम किंवा कस्टर्ड भरलेलं असेल तर हे काहीच लागू नाही. तो फ्रिजमध्येच ठेवायचा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत संपवायचा.