ट्यूबा फोडू का? वाचकांचे प्रश्न

प्रश्न: नमस्कार, मी एका मोठ्या इमारतीचं मेंटेनन्स बघतो. सगळीकडे एलईडी बसवतोय, त्यामुळे काढलेल्या सात-आठशे ट्यूबा स्टोअरमध्ये पडून आहेत. पोरं म्हणतात गोणीत भरून पायाने फोडू, जागा तरी मोकळी होईल. साहेब म्हणतात क्रशर मशीन घेऊ. पाऱ्याचं ऐकलंय, पण एवढ्याशा पाऱ्याने खरंच काही होतं का?

उत्तर: गोणीचा प्लॅन आधी बंद करा, बाकीचं मग बोलू.

पारा थोडाच असतो हे बरोबर आहे. बारीक ट्यूबमध्ये साधारण ३ ते ५ मिलीग्रॅम, जुन्या जाड्या ट्यूबमध्ये २०-३० सुद्धा. ताप मोजायच्या जुन्या काचेच्या थर्मामीटरमध्ये अर्धा ग्रॅम वगैरे असायचा, म्हणून लोकांना वाटतं ट्यूबचं काय एवढं. पण थर्मामीटर फुटला की पाऱ्याच्या गोळ्या फरशीवर दिसतात तरी, ट्यूबमधला पारा थोडा वाफेत आणि जास्त करून आतल्या पांढऱ्या पावडरीत मुरलेला असतो, दिसणार काय आणि उचलणार काय! आता हिशोब करा. कामाच्या जागेसाठी एक कडक मर्यादा धरतात ती घनमीटरला ०.०२५ मिलीग्रॅम. तुमचं स्टोअर ३ बाय ४ मीटर आणि ३ मीटर उंच धरलं तर ३६ घनमीटर हवा, म्हणजे पाऊण-एक मिलीग्रॅम पारा हवेत गेला की मर्यादा संपली, आणि तुम्ही सातशे फोडायला निघालाय. वाफेला ना रंग ना वास, आणि श्वासातून आत गेलेल्यातला ८० टक्क्यांच्या आसपास शरीरात शोषला जातो. रोज थोडा थोडा जात राहिला तर हात थरथरणं, चिडचिड, विसरभोळेपणा, पुढे किडनीचा त्रास.

ट्यूबच्या आत दाब अगदी कमी असतो, म्हणून फुटताना तो फट् आवाज येतो आणि पाठोपाठ धुरासारखं काहीतरी उडतं. तो धूर नाही, तीच पावडर, आणि ती गोणीच्या विणीतून आरामात बाहेर येते. वर फुटलेला चुरा तसाच उघडा ठेवला तर पुढे कित्येक दिवस त्यातून वाफ निघत राहते.

आता साहेबांचं मशीन. हे २०० लिटरच्या ड्रमवर बसतं, पाईपमधून ट्यूब आत सोडायची, आत चुरा होतो आणि हवा ओढून फिल्टरमधून सोडली जाते. एका ड्रममध्ये हजारावर ट्यूबा मावतात, जागेचा प्रश्न खरंच सुटतो. पण हेपा फिल्टर फक्त धूळ अडवतो, पाऱ्याची वाफ त्यातून आरपार जाते, ती पकडतो कार्बनचा वेगळा फिल्टर. धुळीचा फिल्टर तुंबला की मशीनच बोंबलतं म्हणून तो सगळे बदलतात, कार्बन भरला तरी मशीन मजेत चालू राहतं, त्याच्याकडे कोण बघतो! दुसरी गडबड ड्रम बदलताना, झाकण काढून नवीन ड्रम लावेपर्यंत तिथे उभा असलेला माणूस सगळ्यात जास्त वाफ खातो. साधा धुळीचा मास्क तिथे कामाचा नाही, पाऱ्याची वाफ अडवणारं कार्ट्रिज (बदलायचा फिल्टर) असलेलाच लागतो. २००६ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने अशा मशीनांवर अभ्यास केला तेव्हा पारा पूर्ण कोंडून ठेवणारं एकही निघालं नाही. शिवाय बऱ्याच ठिकाणी फोडायला परवानगी लागते, ते आधी विचारा.

मला विचाराल तर एकदाच काढायच्या सातशे ट्यूबांसाठी मशीन घेणं म्हणजे नसता उद्योग. नवीन एलईडी ट्यूबा ज्या खोक्यांतून आल्या त्याच खोक्यांत जुन्या भरा, (जाड्या बसणार नाहीत, त्यांना वेगळं खोकं) आणि अख्ख्याच रिसायकलरला द्या. काही ठिकाणी दोन्ही टोकं कापून हवेच्या झोताने पावडर बाहेर काढतात, तिथे चुरा घेतच नाहीत. पुढे पावडर भट्टीत तापवतात, पारा ३५७ अंशाला उकळतो, वाफ थंड केली की परत पारा हातात. काच आणि टोकाचं अ‍ॅल्युमिनियम वेगळं जातं.

प्रश्न: बेडरूममध्ये सीएफएल फुटला, मी घाईत व्हॅक्यूम क्लीनर फिरवला. चुकलं का?

उत्तर: हो, सीएफएल म्हणजे वळवलेली छोटी ट्यूबच, आत तोच पारा, आणि व्हॅक्यूमने पावडर आणि वाफ अजून पसरते. पण घाबरू नका, एका बल्बचाच प्रश्न आहे. मुलांना बाहेर काढा, एसी बंद, खिडक्या उघड्या ठेवा काही तास. व्हॅक्यूमची पिशवी बाहेर नेऊन काढा, घट्ट बांधून बल्बच्या तुकड्यांसोबतच द्या, पिशवी नसेल तर डबा ओल्या टिश्यूने पुसून घ्या आणि तो टिश्यूही त्यातच टाका. पुढच्या वेळी झाडूसुद्धा नको, जाड पुठ्ठ्याने तुकडे उचला, बारीक चुरा चिकटपट्टीने, शेवटी ओला टिश्यू, आणि सगळं झाकणाच्या काचेच्या बरणीत. बरणी घराबाहेर ठेवा, किचनच्या डस्टबिनमध्ये नाही.