मोटारबोटीसाठी स्वस्तातलं ऑइल, ग्रीस आणि वॅक्स कोणतं घ्यावं?

प्रश्न विचारणाऱ्या भाऊंनी लिहिलंय की नाशिकजवळच्या गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला शेत आहे, सोळा फुटी सेकंडहँड फायबरची बोट घेतली, त्याला ४० एचपीचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन) आहे, आणि विकणाऱ्याने सोबत जी 'मरीन' सामानाची यादी दिली तिचे भाव बघून डोकं गरगरलं, तर यातलं स्वस्तात काय भागेल. परवानगी वगैरे तुम्ही बघितलीच असेल, ते इथे काढत नाही.

मी नाशिकच्या अंबडला एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे त्यामुळे ऑइल-ग्रीस हा रोजचाच विषय, आणि मामांच्या कृषी पर्यटनाच्या दोन बोटी आहेत त्यांचं इंजिन आणि बॉडी दोन्ही मीच बघतो. तर पहिली गोष्ट, डब्यावर बोटीचा फोटो आला की भाव चढतो, त्यामुळे फोटो बघूच नका, डबा उलटा करून मागचा कोड वाचायची सवय लावा. तुमच्या यादीत एकच वस्तू अशी आहे जिथे काटकसर करायची नाही, ती म्हणजे टू-स्ट्रोकचं इंजिन ऑइल. बाकी जवळजवळ सगळं नाशकातच, ऑटो पार्टवाल्याकडे नाहीतर एमआयडीसीत मिळतं.

आधी त्या ऑइलचंच सांगतो कारण सगळ्यात जास्त लोक इथेच पैसे वाचवायला जातात. द्राक्षबागेच्या फवारणी पंपाला किंवा जुन्या आरएक्स १०० बाइकला जे टूटी (साधं टू-स्ट्रोकचं) ऑइल घालतो ते आउटबोर्डला चालतं असं तुम्हाला दहा जण सांगतील, आणि इंजिन चालेलही, आवाज पण तसाच येईल, म्हणूनच तर लोकांना पटतं. पण बाइकचं टूटी हे हवेवर थंड होणाऱ्या, जास्त तापणाऱ्या इंजिनासाठी बनवलेलं असतं, त्यात धातूवाले डिटर्जंट असतात, ते गरम इंजिनात काम करतात आणि जळल्यावर थोडी राख सोडतात. आउटबोर्ड धरणाच्या गार पाण्यावर थंड होतं, तेवढं तापतच नाही, मग ती राख पिस्टनवर आणि रिंगच्या खाचेत बसते, रिंग चिकटतात, प्लग काळे पडतात, कॉम्प्रेशन हळूहळू जातं. म्हणून आउटबोर्डच्या ऑइलला वेगळा दर्जा आहे, टीसी-डब्ल्यू३, ते राख न सोडणारं असतं. हा कोड अमेरिकेतल्या एनएमएमए नावाच्या बोट उत्पादकांच्या संघटनेचा आहे आणि डब्यावर तो छापलेला असला पाहिजे, दुकानदार "तेच आहे हो" म्हणाला म्हणून घ्यायचं नाही. बाइकच्या डब्यावर जासो (जपानी दर्जा) एफसी किंवा एफडी असं काही लिहिलेलं दिसेल, ते कितीही चांगलं असलं तरी त्या कामासाठी आहे. उलटही तेवढंच खरं, टीसी-डब्ल्यू३ उरलं म्हणून आरएक्सला घालू नका, तिथे ते कमी पडतं.

मग स्वस्त कुठे? तर कोड असलेलं साधं मिनरल ऑइल घ्या. इंजिन कंपनीच्याच नावाचं किंवा सिंथेटिक असायची गरज जुन्या कार्बोरेटरवाल्या इंजिनाला नसते, सेमी-सिंथेटिकने धूर कमी होतो एवढाच मुख्य फरक. (नवीन डायरेक्ट इंजेक्शनवालं टू-स्ट्रोक असेल तर मात्र कंपनी सांगेल तेच, तिथे वाद नको.) नाशकात छोटा डबा शोधत फिरण्यापेक्षा मुंबईला कोणी जाणार असेल तर तिथल्या दारुखाना भागाच्या बाजूला मरीन सामानाची दुकानं आहेत, तिथून मोठा कॅन आणलेला परवडतो, आणि ओळखीत अजून कोणाची बोट असेल तर अर्धा-अर्धा करा.

प्रमाण बहुतेक इंजिनांना ५०:१, म्हणजे लिटरला २० मिली, २४ लिटरच्या टाकीला ४८० मिली. काही जुनी मॉडेलं १००:१ वर चालतात आणि नवीन किंवा नुकतंच बोअर करून बांधलेलं इंजिन सुरुवातीला २५:१ वर चालवायला सांगतात, त्यामुळे मॅन्युअल बघा, नसेल तर मॉडेल नंबरवरून नेटवर मिळतं. "थोडं जास्तच टाकू, इंजिनाला चांगलं" हे करू नका, जास्त ऑइल म्हणजे तेवढ्याच मिश्रणात पेट्रोल कमी, मिक्श्चर लीन होतं (हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं), वर कार्बन आणि धूर. आणि मिसळलेलं पेट्रोल महिनोन्‌महिने ठेवू नका, आता पंपावर इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं, ते हवेतला ओलावा ओढतं आणि जास्त पाणी झालं की इथेनॉल-पाणी खाली बसतं. जेवढं लागेल तेवढंच बनवा.

कोणाकडे फोर-स्ट्रोक असेल तर त्यांचं सोपं आहे. एफसी-डब्ल्यू (फोर-स्ट्रोक बोट इंजिनांचा तसाच दर्जा) लिहिलेलं १०डब्ल्यू-३० मिळालं तर उत्तम, त्यात गंज न धरण्यासाठीचं जास्तीचं काही असतं, पण बऱ्याच मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये साधा एपीआय ग्रेड (गाडीच्या ऑइलचा नेहमीचा दर्जा) दिलेला असतो आणि त्या ग्रेडचं चांगल्या कंपनीचं गाडीचं ऑइल चालतं, फक्त १०० तास किंवा वर्ष, जे आधी होईल तेव्हा बदलायचं.

आता गिअर ऑइल, पंख्याच्या (प्रोपेलरच्या) वर जो खालचा भाग असतो त्यातलं. इथे 'मरीन गिअर ल्यूब' म्हणून जे मिळतं ते चांगलंच असतं, पाणी शिरलं तरी ते थोडं सांभाळून घेतं, पण तुमच्या मॅन्युअलमध्ये हायपॉइड ९० लिहिलं असेल तर नाशकातल्या द्वारकेकडच्या कुठल्याही ऑटो पार्टवाल्याकडचं ईपी ९० घ्या, दर्जा जीएल-४ की जीएल-५ ते मॅन्युअलप्रमाणे. वाचलेल्या पैशात ते लवकर लवकर बदला, माझ्या मते महाग ऑइल वर्षानुवर्षं ठेवण्यापेक्षा हे कधीही बरं. खरा फायदा बदलण्यात नाही, काढलेलं ऑइल बघण्यात आहे. काढल्यावर चहासारखं दुधाळ दिसलं तर पाणी शिरतंय, सील गेलंय, मग कितीही भारी ऑइल भरा बेअरिंग गंजणारच. सील का जातं तर आपल्या धरणात मासेमारीच्या जाळ्याचे आणि गळाचे नायलॉन दोरे तरंगत असतात, ते पंख्याच्या शाफ्टला गुंडाळले जातात आणि सील कापतात, म्हणून अधूनमधून पंखा काढून मागे बघत जा.

भरायची पद्धत पण उलटी आहे, वरून ओतायचं नाही. खालचा आणि वरचा दोन्ही स्क्रू काढायचे, खालच्या भोकातून दाबून भरत राहायचं, वरच्या भोकातून ऑइल बाहेर यायला लागलं, बुडबुडे थांबले, की आधी वरचा स्क्रू लावायचा आणि मग झटकन खालचा. वरून ओतलं तर आत हवा अडकते आणि अर्धीच केस भरते. यासाठी पंप घ्या म्हणतात, घेऊ नका, सॉसची दाबायची बाटली धुऊन वाळवून घ्या, टोकाला नळीचा तुकडा लावा, काम होतं. स्क्रूचे वॉशर मात्र दरवेळी नवीन टाका, त्यात पैसे वाचवून पाणी आत घेण्यात अर्थ नाही.

ग्रीसवर तर माझा सगळ्यात जास्त विश्वास साध्या मालावर आहे. निळ्या-हिरव्या रंगाचं मरीन ग्रीस बघून हरखायला होतं, कॅल्शियम सल्फोनेटवाली ग्रीस पाण्यात खरोखर चांगली टिकतात हे मान्य, समुद्रात असता तर मी तेच घ्या म्हणालो असतो. पण आपलं गोडं पाणी. इथे लिथियम ईपी-२ बास आहे, सर्वोजेम ईपी २ म्हणा, हिंदुस्तान पेट्रोलियमचं लिथॉन ईपी २ म्हणा, एमआयडीसीत कुठल्याही ल्युब्रिकंटवाल्याकडे मिळतं, किलोचा डबा घेतला तर छोट्या बोटीला संपता संपत नाही. स्टिअरिंगची नळी, टिल्टचा सांधा, इंजिन ज्यावर फिरतं ते ब्रॅकेट, सगळीकडे ग्रीस भरायचे निपल असतात, जुनं मळकट ग्रीस बाहेर येईपर्यंत ग्रीस गनने मारायचं. पंखा काढला की शाफ्टच्या खाचांना ग्रीस लावूनच परत बसवायचा, नाहीतर पुढच्या वेळी तो निघतच नाही आणि मग हातोडी काढावी लागते. दोन गोष्टी टाळा, एक म्हणजे ग्रॅफाइटवालं काळं ग्रीस, ग्रॅफाइट ॲल्युमिनियमला लागून ओलं राहिलं की ॲल्युमिनियम खायला सुरुवात करतं आणि आउटबोर्डची बॉडी ॲल्युमिनियमचीच असते. दुसरं, वेगवेगळ्या जातीची ग्रीस एकत्र करू नका, लिथियममध्ये पॉलियुरिया मिसळलं तर पातळ होऊन वाहून जाऊ शकतं. बॅटरीच्या टर्मिनलला साधं व्हॅसलीन.

ट्रेलर असेल तर त्याच्या चाकांची बेअरिंग विसरू नका. गाडीमागून ओढत आणल्यावर हब (चाकाचा मधला, बेअरिंगचा भाग) गरम असतो, तो तसाच पाण्यात घातला की आतली हवा एकदम आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. पोहोचल्यावर थोडा वेळ थांबा, हाताला गार लागला की मग उतरवा. यालाही तेच ईपी-२.

डब्ल्यूडी-४० बद्दल सगळे विचारतात. ते पाणी हाकलायला आणि अडकलेला नट सैल करायला आहे, ग्रीसच्या जागी फवारून ठेवलं तर थोड्याच दिवसांत तिथे काही उरत नाही.

आता वॅक्स. तुमची बोट सेकंडहँड आहे म्हणजे आधी बघा की ती वॅक्स लावायच्या अवस्थेत आहे का. कोरड्या बॉडीवर काळं कापड घासा, पांढरी पावडर आली तर वरचा जेलकोट (फायबरवरचा रंगीत चकचकीत थर) उन्हाने ऑक्सिडाइज झालाय, त्यावर जगातलं सगळ्यात महाग वॅक्स लावलं तरी दोन दिवस चमकेल आणि परत मळकट. आधी रबिंग कंपाउंड मारायचं, आणि त्यासाठी कारच्या पेंटवाल्याकडचं कंपाउंड चालतं. जेलकोट साधारण अर्धा मिलिमीटर जाड असतो, कारच्या वरच्या क्लिअर कोटपेक्षा कितीतरी जाड, त्यामुळे थोडं जास्त घासलं तरी लगेच घाबरायचं कारण नाही. फारच खराब असेल तर आधी १००० आणि मग १५०० चा वॉटर पेपर पाणी मारत मारत. कमी स्पीडचं पॉलिशर कोणाचं मिळालं तर बघा, पण वेल्डिंगवाल्याचा ग्राइंडर बफ लावून वापरू नका, एका जागी तापून जेलकोट जळतो.

त्यानंतर वॅक्स. कारचं कार्नोबा पेस्ट वॅक्स चालतं, त्यावर बोटीचं चित्र नसलं तरी मेण तेच, ब्राझीलच्या ताडासारख्या झाडाच्या पानांवरचं. पॉलिमर सीलंट उन्हात जास्त टिकतो, बजेट असेल तर तो. पण नाशकात राहून एक आयडिया वापरण्यासारखी आहे, सातपूर-अंबडला फायबरच्या टाक्या, पत्रे, साचे बनवणारे लोक मोल्ड रिलीज वॅक्स वापरतात, ते पण बहुतेक कार्नोबावालं घट्ट पेस्ट वॅक्सच असतं, साच्यातून माल सुटावा म्हणून, आणि मोठ्या डब्यात घेतलं की परवडतं. लावायला जड, पुसायला हात दुखतात, पण जेलकोटवर मस्त बसतं. सावलीत, दोन-दोन फुटांचे तुकडे करून, पातळ लावायचं, धुकट झालं की जुन्या सुती बनियनने पुसायचं. फक्त बोटीला कुठे चीर असेल आणि फायबरचं काम करायचं असेल तर ते आधी उरकून घ्या, वॅक्सवर रेझिन धरत नाही, मग ॲसिटोनने पुसत बसावं लागतं. सिलिकॉनवालं पॉलिश तर रंगकाम व्हायचं असेल तर लांबच ठेवा, रंगाला डोळे पडतात.

जिथे पाय पडतो त्या डेकवर वॅक्स नको, ओल्यात घसरून पडाल. डॅशबोर्डचं चकचकीत पॉलिश पण तिथे नको. खोबरेल तेल लावणारे पण बघितलेत, चमकतं खरं पण धूळ धरतं. पाण्याच्या रेषेला जो पांढरा क्षार बसतो त्याला पांढरं व्हिनेगर पाण्यात घालून लावा, संडास साफ करायचं ॲसिड अजिबात नको, इंजिनाच्या ॲल्युमिनियमची आणि स्टीलच्या फिटिंगची वाट लागते. धुवायला कारचा शाम्पू, भांड्याच्या साबणाने वॅक्स निघून जातं. पुढची काच ॲक्रेलिकची असेल तर अमोनियावाला काचेचा स्प्रे तिला मारू नका, बारीक तडे जातात.

वर्षातून दोनदा वॅक्स पुरतं, पाऊस गेल्यावर एकदा आणि उन्हाळा तापायच्या आधी एकदा. पण खरं सांगू का, वॅक्सपेक्षा सावली स्वस्त. बॉडी खराब करतं ते ऊन, आणि आपल्याकडे शेडनेट काय कमी आहे का, चार पाइप उभे करून वरून टाका. ताडपत्री थेट बोटीवर आवळून बांधू नका, खाली ओल साचून जेलकोटला डाग पडतात, मध्ये हवा खेळू द्या.

इंग्रजी व्हिडिओत हिवाळ्यासाठी अँटीफ्रीझ भरा वगैरे दाखवतात ते सोडून द्या, निफाडला पारा कितीही खाली गेला तरी आपल्या इंजिनातलं पाणी गोठत नाही. आपला बंद सीझन म्हणजे पावसाळा. जूनच्या आधी पेट्रोलची नळी काढून कार्बोरेटर रिकामा होईपर्यंत इंजिन चालवा (कोरडं नाही, पाण्यात किंवा मफ, म्हणजे पाणी घेण्याच्या भोकांवर बसणारे नळीचे कप, लावून), मग प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर तेच टीसी-डब्ल्यू३ टाका, फ्लायव्हील हाताने दोन-चार वेळा फिरवा, प्लग लावून ठेवा. फॉगिंगचा (इंजिन आतून गंजू नये म्हणून मारायचा) वेगळा स्प्रे घ्यायची गरज नाही. गिअर ऑइल पण तेव्हाच बदला, म्हणजे पाणी शिरलं असेल तर चार महिने आत बसून राहणार नाही.

जळकं ऑइल काठावर किंवा बांधावर ओतू नका, कॅनमध्ये भरून गॅरेजवाल्याला द्या, तो गोळा करणाऱ्याला देतो. टू-स्ट्रोक तसंही थोडं न जळलेलं पेट्रोल-ऑइल एक्झॉस्टमधून पाण्यात सोडतंच, आणि गंगापूरचं पाणी नाशिकच्या नळाला येतं, म्हणून टाकी भरताना फनेल आणि खाली फडकं एवढं तरी ठेवा.

या आठवड्यात खरेदीला निघणार असाल तर टीसी-डब्ल्यू३, ईपी ९० आणि दोन वॉशर एवढंच आणा. गिअर ऑइल काढून रंग बघा, दुधाळ निघालं तर वॅक्सचे पैसे आधी सीलला लागणार आहेत.