ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातून जाताना वाटेतल्या पबवर थांबायलाच हवं का?

तुम्ही लिहिलंय की ॲडलेडहून ऊडनाडाटा ट्रॅकने, म्हणजे वाळवंटातल्या कच्च्या रस्त्याने, जायचंय, घरचे सगळे शाकाहारी, दारूला कोणी शिवत नाही, मग डबे आणि डिझेलचे कॅन बरोबर घेतले तर वाटेतले पब टाळता येतील का? टाळू नका. टाकी अर्धी भरलेली असली तरी थांबा.

हाच वाद माझा साडूंशी कितीतरी वर्षं चालू आहे. ‘लुटतात तिथे’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते इथे आले तेव्हा दोन्ही कुटुंबं आणि सासूबाई असे आम्ही त्याच रस्त्यावरच्या मारी गावाहून सकाळी निघालो. विल्यम क्रीक या पबच्या छोट्याशा वस्तीला पोचेपर्यंत दुपार झाली आणि पश्चिमेला आभाळ काळं दिसायला लागलं. साडू म्हणाले, ‘दशम्या आहेत, डिझेल आहे, कशाला थांबायचं? संध्याकाळपर्यंत कूबर पीडी गाठू.’ पुढचे एकशे पासष्ट किलोमीटर कच्चा रस्ता. मी गाडी पबसमोर लावली.

आत छतापासून भिंतीपर्यंत लोकांनी डकवलेली व्हिजिटिंग कार्डं, जुनी लायसन्स, देशोदेशीच्या नोटा. काउंटरवरच्या बाईंनी काय हवंय हे विचारायच्या आधी कुठल्या दिशेला चाललात ते विचारलं. कूबर पीडी म्हटल्यावर म्हणाल्या, ‘तिकडे पाऊस सुरू झालाय, आज जाऊ नका.’ साडूंना वाटलं, खोल्या भरायच्या म्हणून सांगतायत. थोड्या वेळाने त्याच बाजूने एक पिकअप आली. टायर आणि मडगार्डच्या मधे लाल चिकणमाती अशी गच्च बसली होती की पुढची चाकं फिरण्याऐवजी घासत होती. तो माणूस खाली उतरला आणि टायर काढायच्या पहारीने ढेकळं उपटत बसला. त्यानंतर रस्ता बंद झाल्याचं जाहीर झालं.

रस्ता उघडेपर्यंत आम्ही तिथेच राहिलो. सासूबाईंना अंडंसुद्धा चालत नाही हे कळल्यावर स्वयंपाकघरातल्या मुलीने वेगळा पॅन घासून घेतला आणि त्यावर चीज-टोमॅटोचे सँडविच भाजून दिले. त्याचे वेगळे पैसे लावले नाहीत. पबमध्ये बायकापोरांना कसं न्यायचं, हा साडूंचा दुसरा मुद्दा. सासूबाई तिथेच कोपऱ्यातल्या खुर्चीत शाल घेऊन बसल्या होत्या आणि शेजारच्या टेबलावर पोरं पत्ते खेळत होती. कोणाच्या नजरेत वावगं काही दिसलं नाही. तरी निघताना साडूंनी डिझेलचा भाव पाहून तेच वाक्य पुन्हा म्हटलं.

आता तिथल्या दरांचं ऐका. तिथे ग्रिडची वीज पोचत नाही, ती जागेवरच तयार करावी लागते. डिझेल, पाव, भाजी, सगळं शेकडो किलोमीटरवरून ट्रकने येतं, आणि पावसात तो ट्रकही अडतो. चारी बाजूंना ॲना क्रीक, म्हणजे गुरं पाळायचं जगातलं सर्वात मोठं रान. हा पब 1887 पासून आहे, तो या वाळवंटातून जाणाऱ्या जुन्या घान रेल्वेमुळे. ती रेल्वे 1980 मध्ये बंद झाली, पब राहिला. (‘घान’ हे नाव अफगाण उंटवाल्यांवरून पडलं. 1860च्या दशकात एल्डर या तिथल्या उद्योजकाने मागवलेले उंट कराचीहून आले, म्हणजे तेव्हाच्या मुंबई इलाख्यातूनच. हे आपल्याकडे फारसं कोणाला माहीत नसतं.) शेजारी धावपट्टी आहे, तिथे फ्लाइंग डॉक्टरचं, म्हणजे आडगावी उपचाराला येणाऱ्या डॉक्टरांचं, विमान उतरू शकतं. म्हणजे पंप, खाणावळ, रस्त्याची खबर आणि अडीनडीला मदत, सगळं त्या एका छपराखाली. तिथलं स्वच्छतागृह वापरायचं, रस्ता कसा आहे ते विचारून घ्यायचं आणि डिझेल मात्र स्वतःच्या कॅनमधलं ओतायचं, याला मी कंजूषपणाच म्हणतो. साडूंना हे तोंडावर सांगितलंय.

कॅन न्या, पण अडचणीसाठी एखादाच, आणि तो माणसं बसतात तिथे ठेवू नका. डांबरी स्टुअर्ट हायवेने गेलात तरी ग्लेनडॅम्बो ते कूबर पीडी अडीचशे किलोमीटरमध्ये एकही पंप नाही, तेव्हा तिथेही टाकी भरूनच निघा. पाणी मात्र घरून भरपूर घ्या.

एक राहिलं. भाड्याची गाडी असेल तर कच्च्या रस्त्यावर विमा लागू आहे का ते करारात वाचा, बऱ्याचदा नसतो. बंद रस्त्यावर गाडी घातली तर जबर दंड आहे. डिसेंबर ते फेब्रुवारी, म्हणजे तिथल्या कडक उन्हाळ्यात, तर जाऊच नका. 1998 मध्ये जवळच्या, एरवी कोरड्या असणाऱ्या आयर सरोवराजवळ गाडी वाळूत रुतल्यावर एक ऑस्ट्रियन पर्यटक विल्यम क्रीककडे चालत निघाली आणि उन्हाने वाटेतच गेली. काही झालं तरी गाडी सोडायची नाही. सरोवरात पाणी आलेल्या वर्षी ते बघायला येणाऱ्यांनी पबच्या खोल्या आधीच भरतात, तेव्हा फोन करून ठेवा. आणि सगळेच पब इतके अगत्याचे असतील असं नाही, काही ठिकाणी नुसते तळलेले बटाटेच मिळतील. डिझेल भरून झालं की गाडी पंपासमोरून बाजूला घ्या आणि मग जेवायला बसा, मागे एखादा गुरांचा ट्रक खोळंबलेला असू शकतो.