पोह्याच्या डब्यातले डॉलर

डॅलसजवळ राहणाऱ्या, मूळच्या उदगीरकडच्या एका बहिणीचं पत्र आलंय. लांबलचक आहे म्हणून थोडक्यात सांगते. कॉम्प्युटर इंजिनिअर, लग्नाआधी पुण्यात नोकरी केलेली, आता नऊ वर्षं एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसामागून बायकोला मिळणाऱ्या व्हिसावर, घरी. नवरा चांगला, व्यसन नाही, आवाज चढवत नाही. "ताई, मला कशाची कमी नाही, पण कार्ड स्वाइप केलं की मेसेज त्याच्या फोनवर जातो, आणि संध्याकाळी तो सहजच विचारतो, आज अठ्ठावन्न डॉलरचं काय घेतलंस गं. सहजच हं. पण आईला पाच हजार रुपये पाठवायचे म्हटलं तर माझ्या तोंडातून शब्द फुटत नाही." मग ही काय करते, तर ग्रोसरीचं बिल देताना वीस डॉलर कॅशबॅक, म्हणजे कार्डावर जास्तीचे कापून रोख, घेते, ते बिलातच मिसळून जातात, आणि घरी येऊन पोह्याच्या डब्यात तळाशी ठेवते. सहाशे चाळीस झालेत म्हणे. त्यात भावाचा फोन, वडील मागच्या वर्षी गेले, आता येळवसला, आमच्याकडच्या वेळ अमावस्येच्या सणाला, आलीस की हक्कसोडवर, म्हणजे जमिनीतला हिस्सा सोडल्याच्या कागदावर, सही करून जा.

बाई गं, तुझा डबा वाचला आणि मला माझी माय दिसली.

आमचं गाव अंबाजोगाईजवळ. मी तेव्हा तुझ्यासारखीच बाहेर होते, आता लातूरला परत येऊन राहिलेय. ८ नोव्हेंबर २०१६ ला पाचशे-हजारच्या नोटा बंद झाल्या आणि दोन दिवसांनी मायचा फोन, आवाज एकदम बारीक, म्हणाली ज्वारीच्या कणगीत थोडे हायत, काय करू. थोडे म्हणजे त्रेचाळीस हजार पाचशे. वीस-बावीस वर्षांचे, दुधाचे, भाऊबीजेचे, भाजीतून वाचवलेले, जुन्या लुगड्याच्या चिंधीत बांधून ठेवलेले. तिच्या नावाचं बँकेत खातंच नव्हतं, म्हणून ती गाठ तिला दादांसमोर, म्हणजे माझ्या वडिलांसमोर, सोडावी लागली. दादा रागावले नाहीत, उलट हसले, एवढे कुठून आणलेस म्हणाले आणि पुढं वर्षभर येईल त्या पाहुण्याला तो किस्सा सांगितला. पैसे त्यांच्या खात्यात भरले आणि उन्हाळ्यात बोअर घेतला त्यात गेले, बोअरला पाणी लागलं नाही ती गोष्ट वेगळी. मी मायला म्हणलं, अगं मागायचे होतेस ना दादांना, ते नाही कुठं म्हणतात. तर म्हणाली, "नाई म्हणत नाईत गं, पण मागावं तर लागतंयच की."

दादाही चांगलेच होते, म्हणून नवरा चांगला आहे हे तू पत्रात चार वेळा लिहिलंस त्यावर मी काही बोलत नाही. चांगला आहे तर बोलणं सोपं जाईल एवढंच.

आता कामाचं. तुमची आय-१४०, म्हणजे ग्रीनकार्डासाठी नवऱ्याच्या कंपनीनं केलेला अर्ज, मंजूर होऊन दोन वर्षं झाली असं तू पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिलंयस आणि मी तिथंच थांबले. अगं २६ मे २०१५ पासून अशा एच-४ बायकांना ईएडीसाठी, म्हणजे काम करायच्या परवानगीच्या कार्डासाठी, अर्ज करता येतो, फॉर्म आय-७६५, तू अजून भरला का नाहीस? पोरगं लहान आहे, नोकरी कुठं करणार, हे उत्तर मला माहितीये, मीही तेच द्यायचे. नोकरी कर म्हणतच नाही मी. कार्ड हातात घे, त्याच्यावर सोशल सिक्युरिटी नंबर मिळतो, तो नंबर नसल्यामुळं नऊ वर्षं त्या देशाच्या हिशेबात तू जवळपास नाहीसच. म्हातारपणीच्या सोशल सिक्युरिटीला, म्हणजे तिकडच्या सरकारी पेन्शनला, स्वतःच्या नावावर ४० क्रेडिट लागतात, म्हणजे साधारण १० वर्षांचं काम, तुझी पाटी अजून कोरी आहे. आणि हो, ईएडी हातात येईपर्यंत डबे करून विकणं, ट्यूशन घेणं, पुण्याच्या जुन्या ऑफिसचं काम घरी बसून करणं यातलं काहीही करू नकोस, सगळ्याजणी करायल्यात म्हणून तू करायला जाशील आणि ग्रीनकार्डाच्या टायमाला निस्तरत बसशील. नियम बदलत असतात, तुमच्या वकिलाला एक मेल टाकून आज काय चालू आहे ते बघ. तू स्वतः टाक, नवऱ्याला टाकायला सांगू नकोस.

खातं आत्ताही उघडता येईल, पासपोर्टवर उघडून देणाऱ्या बँका आहेत तिकडं. फक्त तुझ्या नावाचं, आणि अलर्ट तुझ्या फोनवर. त्याच्या पगारातून महिन्याच्या एक तारखेला ठरलेली रक्कम आपोआप त्यात आली पाहिजे. त्याला पॉकेटमनी म्हणू नका प्लीज, मला त्या शब्दाची लै चीड आहे, पॉकेटमनी लेकरांना असतो. तू घरी आहेस म्हणून तो आठ वाजेपर्यंत मीटिंगा करू शकतो ना, मग पगार दोघांचा झाला. आणखी एक, तुझी कमाई शून्य असली तरी टॅक्स रिटर्न दोघं मिळून भरत असाल तर त्याच्या कमाईतून तुझ्या नावानं आयआरए, म्हणजे म्हातारपणासाठीचं बचत खातं, उघडता येतं आणि ते पूर्ण तुझं राहतं. हे कितीतरी घरांत नवऱ्यालाच माहीत नसतं.

त्यानं भारतात टर्म पॉलिसी घेतली नसेल अजून, तर घेताना १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली घ्यायला सांग, फॉर्ममध्ये एक टिक असते. मग ते पैसे तुझे आणि लेकराचे, त्याच्या कर्जवाल्यांना त्यावर हात टाकता येत नाही. पॉलिसी एकदा निघाल्यावर मात्र ती टिक करता येत नाही.

आता हक्कसोड. भाऊ म्हणतो एनआरआयला शेती ठेवता येत नाही, हे साफ खोटं आहे, किंवा त्याला कुणीतरी खोटं सांगितलंय असं धरू. भारतीय पासपोर्ट असलेल्या एनआरआयला शेतजमीन विकत घेता येत नाही, वारसानं आलेली ठेवता येते. लग्न झालेल्या मुलीचा हक्क नसतो हेही खोटं, २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच जन्मापासूनचा हक्क दिला आणि वडील कधी गेले याच्यावर तो अवलंबून नाही हे सुप्रीम कोर्टानं ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा केसमध्ये स्पष्ट केलं. म्हणून सुट्टीतल्या चार दिवसांत, पाहुण्यांच्या गराड्यात, पुरणपोळीच्या ताटावर बसवून कुणी कागद पुढं केला तर सही करू नकोस. एकदा रजिस्ट्री झाली की कोर्टाशिवाय ती फिरवता येत नाही. कॉन्सुलेटमधून मुखत्यारपत्र पाठव म्हणतील, तेही नको.

तुला हिस्सा नकोच असेल तर नंतर दे, खुशाल दे, भाऊच कसतोय रान, त्यानं वडिलांचं आजारपण काढलंय, ते मी नाकारत नाही. पण तू पत्रात एक ओळ लिहिलीस की आईची सही झाली आहे, फक्त माझी राहिलीये. झाली म्हणजे कशावर? साध्या कागदावर का रजिस्ट्री? हे मला तुझ्या सगळ्या प्रश्नांपेक्षा मोठं वाटायलंय. आईचाही हिस्सा आहे, आणि तिला मिळालेला हिस्सा पूर्ण तिच्या मालकीचा असतो. तो सोडला तर उद्या औषधाच्या पन्नास रुपयांसाठी ती सुनेकडं बघत बसणार, आणि तू तिकडं डब्यातले वीस वीस डॉलर मोजणार. आमच्याकडं भांडी घासायला येणाऱ्या मावशींच्या खात्यात २०२४ पासून लाडक्या बहिणीचे १५०० येतात, त्या योजनेबद्दल तुमचं मत काहीही असो, पैसे आल्याचा मेसेज त्या माझ्याकडून वाचून घेतात, मुलाकडून नाही. का, ते मी कधी विचारलं नाही.

तर आधी भावाला फोन करून सातबारा आणि फेरफाराची नक्कल मागव, नाही पाठवली तर सातबारा महाभूलेखच्या साइटवर घरबसल्या बघता येतो, गट नंबर आईला तोंडपाठ असेल. वारस नोंदीत तिघांची नावं लागलीत का बघ. येळवसला ये, रानात जा, भज्जी खा, आंबील पी, आणि दुसऱ्या दिवशी तलाठ्याकडं जाताना आईला सोबत ने.

डब्यातले सहाशे चाळीस नवीन खात्यात भर. नवऱ्याला सांगायचं का असं विचारलंयस. सांग, कसे जमवले तेही सांग, तो हसला तर हसू दे, पण कणगीसारखं त्याच्या खात्यात जाऊ देऊ नकोस. आणि आईचे पाच हजार त्यातूनच पाठव, याच आठवड्यात.