जुना बॉबकॅट घेताय? आधी इंजिनाला हात लावून बघा

दादा, बॉबकॅट म्हणजे पुढच्या बकेटनं माल उचलणारं छोटं चारचाकी लोडर मशीन. बजेट कमी आहे तर जुनं घ्याच, पण नव्या रंगाला भुलू नका. बघायला गेलात की पहिला हात इंजिनाला लावा. मालकानं आधीच गरम करून ठेवलं असेल तर चहा घ्या, थंड होईस्तोवर थांबा. खरं दुखणं थंड स्टार्टिंगलाच कळतं.

मग भरलेलं बकेट थोडं उचला, लिव्हर सोडा. इंजिन चालू असताना ते आपोआप खाली बसायला लागलं तर हायड्रॉलिकचं सील नाहीतर व्हॉल्व्ह गेलाय. त्याखाली मात्र कुणाला उभं करू नका. दोन्ही बाजूंची चाकं सारख्या जोरानं ओढत नसतील तर बहुधा चाकं फिरवणारा हायड्रॉलिक पंप किंवा ड्राइव्ह मोटर थकलीय. भाव करायलाही बसू नका.

मी पहिल्यांदा नुसता अवर मीटर (मशीन किती तास चाललं ते दाखवणारा) बघून घेतलं. मीटर बदललेला निघाला, बकेटच्या सांध्यातले पिना-बुश पार ढिले!

हे मशीन जागेवर घसटत वळतं, टायर खातं. चार टायरचा खर्च किमतीतून वजा धरा.

जिनिंगच्या काँक्रिटवर, साखर कारखान्याच्या बगॅस (उसाचा चोथा) यार्डात ते सोनं आहे. पावसाळ्यात आपल्या काळ्या रानात नेलं, की ओढायला ट्रॅक्टर शोधत फिराल.