अशील म्हणजे शील नसलेला नव्हे

प्रश्न असा आहे: इंग्लंडमध्ये सक्तीने मनोरुग्णालयात ठेवलेल्या माणसाला ‘इंडिपेंडंट मेंटल हेल्थ ॲडव्होकेट’ची मदत मिळते. तिथल्या मराठी कुटुंबांसाठी माहितीपत्रक करताना ‘मानसिक आरोग्य वकील’ लिहिलं तर चालेल का?

चालणार नाही. वकील म्हटलं की आज काळा कोटच डोळ्यांपुढे येतो. ट्रायब्युनलपुढे, म्हणजे अशा प्रकरणांच्या न्यायाधिकरणापुढे, सुटकेचा अर्ज लढवायला तिथे सॉलिसिटर म्हणजे कायद्याचा वकील असतो, तो वेगळा. १९८३च्या मेंटल हेल्थ ॲक्टमध्ये २००७ साली दुरुस्ती झाली आणि २००९पासून इंग्लंडमध्ये हे ॲडव्होकेट आले. ते रुग्णाकडून पैसे घेत नाहीत, उपचार करणाऱ्यांपैकी नसतात, आणि रुग्णाला एकांतात भेटू शकतात.

मात्र ‘वकील’ हा शब्द मुळात फार नेमका होता. अरबीत त्याचा अर्थ ज्याच्यावर काम सोपवलं तो. पेशव्यांचे दिल्लीतले वकील हिंगणे कोर्टात उभे राहत नव्हते. धन्याचं म्हणणं बादशाही दरबारात पोचवत होते. आणि वकिलाचा जोडशब्द अशील! याची फोड ‘अ + शील’ अशी करून ‘हा शब्द अपमानकारक आहे, पक्षकार म्हणा’ असं सांगणारे भाषाशुद्धीवाले मला वारंवार भेटतात. ही फोड साफ चूक आहे. मूळ शब्द अरबी ‘असील’. आपला ‘अस्सल’ त्याच धातूचा, झुंजीचा असील कोंबडाही त्याच घरचा. ‘इ’-‘ई’च्या शेजारी ‘स’चा ‘श’ करायची मराठीची जुनी खोड आहे: सिपाही–शिपाई, सिक्का–शिक्का, नसीब–नशीब. तसंच असील–अशील. अरबी कायद्याच्या भाषेत असील म्हणजे मूळ माणूस, ज्याचा अधिकार आहे तो. वकील त्याच्या वतीने बोलणारा. ज्याला आपण बिनशीलाचा ठरवतो, तो खरा अस्सल आहे.

माझं तर म्हणणं आहे, या ॲडव्होकेटचं सगळं काम या जोडीत आलं. त्या इंग्लिश कायद्याच्या सेक्शन २खाली २८ दिवसांपर्यंत, सेक्शन ३खाली आधी सहा महिन्यांपर्यंत माणसाला अडकवून ठेवता येतं. वॉर्डातल्या बैठकीत डॉक्टर, नर्स, सोशल वर्कर असे सगळे त्याच्याविषयी बोलत असतात. तो म्हणतो, ‘या गोळीने हात थरथरतात, चहाचा कप धरवत नाही.’ ॲडव्होकेटने तेवढंच, तसंच मांडायचं. ‘गोळी घेणं तुमच्या भल्याचं आहे’ हे सांगणारे तिथे पुष्कळ असतात.

म्हणूनच ‘कैवारी’ किंवा ‘हितरक्षक’ सुचवणाऱ्यांशी माझं अजिबात जमत नाही. हित कशात आहे हे हितरक्षक स्वतः ठरवतो. ‘मुखत्यार’ही नको. त्याचा मुखाशी काही संबंध नाही, ‘मुख्तार’ म्हणजे निवडलेला. आणि कुलमुखत्यार तर आपल्या जागी सह्याच करतो. आपल्या २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यातला ‘नामनिर्देशित प्रतिनिधी’ही इथे चिकटवू नका. रुग्णाच्या इच्छेबरोबर रुग्णाचं हितही या प्रतिनिधीला पाहावं लागतं, आणि बहुधा तो घरचाच असतो.

पत्रकात ‘ॲडव्होकेट’ देवनागरीत ठेवा आणि खाली लिहा: ‘तुमचं म्हणणं तुमच्या वतीने मांडणारी, रुग्णालयाशी बांधील नसलेली व्यक्ती. ही वकील नाही.’